कार्डावरची दोन अक्षरं

"थांबव रे जरा," आई म्हणाली आणि भाच्याने रिमोट दाबला.

इंदूरची डिसेंबरातली शनिवार रात्र. राजेंद्र नगरच्या आमच्या घरात गराडूचे कंद तळून झाले होते, त्यावर जीरावन मसाला भुरभुरला होता, लिंबू पिळायचं तेवढं राहिलं होतं. टीव्हीवर नैरोबीतली झोपडपट्टी, दवाखान्याची रांग, आणि रोग्याच्या कार्डावर दोन इंग्रजी अक्षरं: आय आणि सी. त्यांचा अर्थ सिनेमातच सांगतात. इन्फॉर्म्ड कन्सेंट. म्हणजे नवं औषध आपल्यावर वापरून बघायला या रोग्याने समजून-उमजून होकार दिला आहे. आईला इंग्रजी येत नाही, भाचा तिला मधून मधून मराठीत सांगत होता. इथे मात्र ती अडली.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बाकीचे उपचारही बंद, आजी."

"मग विचारतात कशाला?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच बाबांच्या आजारपणातली गोष्ट काढली. एका खासगी नर्सिंग होमच्या काउंटरवर तिच्यापुढे चार पानी इंग्रजी फॉर्म सरकवला होता. पलीकडच्या मुलीचं बोट पानावर फिरत होतं: "आंटी, यहाँ, यहाँ और यहाँ." आईने तिन्ही ठिकाणी नेहमीसारखी मराठीत, पूर्ण नाव लिहून सही केली. "सलाईन लावायचं थांबलं होतं. वाचत काय बसणार? आणि वाचता तरी कुठे येत होतं?" ही गोष्ट वीस वर्षांत तिच्या तोंडून कधी आली नव्हती. सिनेमा आमच्या घरात साधारण पाऊण तास थांबला, गराडू गार झाले, आणि सिनेमा बरा की वाईट याचा माझ्यापुरता निकाल त्या पाऊण तासातच लागला.

सिनेमा म्हणजे 'द कॉन्स्टंट गार्डनर'. २००५ चा. जॉन ल कारेच्या २००१ मधल्या कादंबरीवर ब्राझीलच्या फर्नांदो मेइरेलेसने केलेला. ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे सरकारी बंगल्यांतल्या मेजवान्या आणि मेजवान्यांतली कुजबुज त्याला पाठ. केनियातल्या ब्रिटिश वकिलातीतला एक मवाळ, बागकामात रमणारा अधिकारी, त्याची फटकळ, सगळ्यांशी पंगा घेणारी बायको, तिचा खून, आणि खुनामागे क्षयावरच्या एका नव्या औषधाची चाचणी. बायकोचं काम करणाऱ्या रेचेल वाइझला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. गोष्ट एवढी पुरे. उरलेली कोणाला बघायची असेल तर मी मोडता घालत नाही.

भाच्याचा निकाल शेवटची नावं सरकायच्या आतच तयार होता. "स्लो आहे मामा. आणि कोण आहे ते अर्ध्यातच कळतं." यात त्याचा दोष नाही. कट-कारस्थानाचा सिनेमा आपण सगळेच असा तपासतो: मागे कोण होतं, ते आपल्याला आधी ओळखता आलं का, आणि ओळखेपर्यंत श्वास रोखून धरायला लावला का. जिन्याच्या वरच्या पायरीवर कोण उभा आहे याचीच सगळी मोजणी. माझं म्हणणं असं की ही मोजपट्टी उलटी धरलेली आहे. आंतरराष्ट्रीय कटाचा सिनेमा जोखायचा असेल तर त्याने आपल्याला किती वर नेलं हे बघून उपयोग नाही, खाली जिथे अंगठा उमटतो तिथे तो किती वेळ थांबला हे बघावं. कारण खरा कट कागदावर चालतो, आणि त्या कागदाच्या तळाशी असलेली सही बहुतेक वेळा कटवाल्याची नसते.

एक उलटं उदाहरण देतो. २००९ चा 'द इंटरनॅशनल' हा टॉम टिक्व्हरचा सिनेमा. त्यातली बँक बेतली आहे ती बीसीसीआयवर, म्हणजे बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनलवर. १९७२ मध्ये आगा हसन अबेदींनी ती काढली, पुढे अनेक देशांत तिच्या शाखा पसरल्या, आणि ५ जुलै १९९१ रोजी बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने तिला कुलूप लागलं. खोटी खाती, काळा पैसा, नको त्या लोकांशी व्यवहार, सगळं बाहेर आलं. सिनेमात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एक तुफान गोळीबार आहे, त्यासाठी संग्रहालयाचा तो गोल चढता रस्ता जर्मनीत हुबेहूब उभा केला होता. काम म्हणून थक्क करणारं. आमच्या घरी त्या प्रसंगाला कोणी बाथरूमलासुद्धा उठलं नाही. पण खरी बँक बुडाली तेव्हा काय झालं? स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांच्या नगर परिषदेने तिथे पैसे ठेवले होते. मासेमारी आणि मेंढ्यांवर जगणाऱ्या लोकांच्या परिषदेचे जवळजवळ २३ दशलक्ष पौंड बुडाले. ब्रिटनमधल्या आपल्याकडच्या, पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या छोट्या दुकानदारांची खाती तिथे होती. सिनेमात यांतला एकही माणूस नाही. पासबुक घेऊन बंद दारासमोर उभा असलेला एक जण दाखवायला गुगेनहाइमच्या सेटच्या मानाने खर्च तो काय आला असता? पण तो दाखवला की बँकेचा गुन्हा समजतो, आणि बंदुकांची गरज उरत नाही. बहुधा म्हणूनच दाखवत नसावेत.

वरची पायरी दाखवण्याच्या हट्टात आणखी एक खोट आहे. प्रत्यक्षात त्या पायरीपर्यंत क्वचितच कोणी पोचतं. हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको.

१२ जानेवारी १९२५. मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवली गेली. बरोबर मुमताज बेगम होती, इंदूरच्या दरबारातून निसटून आलेली नर्तकी. बावलाला गोळ्या लागल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले म्हणून तिला पळवून नेता आलं नाही. आरोपी इंदूरचे. त्यांतला एक तर संस्थानच्या फौजेतला बडा अधिकारी, त्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील मोहम्मद अली जिना. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. आणि गोळी झाडणाऱ्यांना पाठवलं कोणी? त्या खटल्यात महाराज आरोपी नव्हते. तुकोजीराव होळकरांपुढे इंग्रज सरकारने पर्याय ठेवला, चौकशी आयोग की गादी, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. आयोग बसला नाही. शंभर वर्षं होऊन गेली, राजवाड्यासमोर आजही जुने लोक या प्रकरणावर वाद घालतात, आणि कोणाच्याच हातात कागद नसल्यामुळे वाद मिटत नाही. तुकोजीरावांच्या जागी गादीवर आले यशवंतराव, तेव्हा वयात न आलेले. त्यांच्या नावाकडे मी पुन्हा येणार आहे.

या गोष्टीवर उद्या कोणी सिनेमा काढला तर तो शेवट कसा करेल हे मी आत्ता सांगतो. महालातली खोली, पाठमोरी खुर्ची, हळूच वळणारा चेहरा. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकेल. त्या सुटकेचीच मला भीती वाटते. सगळं पाप एका खुर्चीत बसलेलं असलं की मोटार चालवणारा, पाळत ठेवणारा, खर्चाच्या वहीत "प्रवास" असं लिहिणारा कारकून, हे सगळे धुऊन निघतात. आपल्यापैकी बहुतेक जण त्या कारकुनाच्या जागी असू शकतो, खुर्चीत कधीच नाही.

'कॉन्स्टंट गार्डनर' इथे उजवा ठरतो. त्यातल्या लोकांचे हेतू अगदी घरगुती मापाचे आहेत. वकिलातीतला वरिष्ठ दुसऱ्याच्या बायकोवर भाळलेला, म्हणून एक पत्र तिच्या हाती जाऊ देतो. लंडनमधल्या साहेबांना वाटतं की देशाच्या धंद्याचं नुकसान होऊ नये. औषध कंपनीलाही कोणाला मारायचं नाही. औषधात खोट आहे हे तिला ठाऊक आहे, पण ते नव्याने बनवायचं तर वेळ जाणार, पैसा जाणार, आणि तेवढ्यात दुसरा कोणी पुढे निघून जाणार. एवढंच. आमच्या सियागंजातल्या घाऊक व्यापाऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

शिवाय हा सिनेमा खाली थांबतो. त्यातला एक प्रसंग मी त्या रात्री दोनदा लावला. हॉस्पिटलात बहीण गेली, तिचं तान्हं बाळ घेऊन एक पोरगा चाळीस किलोमीटर चालत घरी निघालाय. बायको नवऱ्याला म्हणते, गाडी थांबव, यांना सोडू. नवरा म्हणतो, लाखो लोकांना मदतीची गरज आहे, त्या कामाला संस्था आहेत. ती म्हणते, पण यांना आत्ता आपण मदत करू शकतो. गाडी थांबत नाही. पुढे खूप उशिरा, सुदानमध्ये गावावर हल्ला होतो, मदतीचं विमान उडायच्या तयारीत आहे, आणि हाच नवरा एका लहान मुलीला आत घ्या म्हणून वैमानिकाची विनवणी करतो. आता नियम सांगायची पाळी वैमानिकाची असते. वाक्य तेच, फक्त बाजू फिरलेली. मुलगी समजते आणि आपणच उतरून पळत सुटते. कटाच्या सिनेमात असा प्रसंग म्हटला तर अगदी गैरलागू. कथानक एक इंचही पुढे सरकत नाही. पण कट चालतो कशावर हे या दोन प्रसंगांइतकं कुठे कळत नाही. कोणी वाईट नाही, सगळे नियमाला धरून आहेत.

आता दोष. सिनेमाचा शेवट मला खोटा वाटला. साहेबांचं ते गुन्हा कबूल करणारं पत्र प्रार्थनासभेत मोठ्याने वाचलं जातं, साहेब तोंड लपवत बाहेर पडतात, आणि आपल्याला वाटतं झाला न्याय. एका पत्राने एवढं होतं तर काय हवं होतं? दुसरा दोष मोठा आहे. केनियाचे लोक या सिनेमात सुंदर दिसतात, फार सुंदर. नारिंगी धूळ, पत्र्यांची छपरं, रेल्वेच्या रुळांवरून चालणारी मुलं, हसरी. पण ज्यांच्यावर औषध वापरलं त्यांतली एकही बाई चार वाक्यं सलग बोलत नाही. दुःख भोगतात ते, आणि त्या दुःखाचा अर्थ लागतो गोऱ्या नवराबायकोला. चित्रीकरण करणाऱ्यांना हे टोचलं असावं, त्यांनी त्या भागांतल्या लोकांसाठी पुढे न्यास स्थापन केला, शिक्षणासाठी पैसा दिला. चांगलंच केलं. पण न्यास ही पटकथेची भरपाई होत नाही.

आम्ही इंदूरकर हा सिनेमा बघताना कोणाच्या बाजूने बसलो होतो? नवऱ्याच्या. भाचा, मी, बायको, सगळे. त्याच्या डोळ्यांनी शोध घेत होतो, त्याच्याबरोबर बर्लिन-लंडन फिरत होतो. आईचं तसं नव्हतं, ती सरळ रांगेत जाऊन उभी राहिली. आणि खरं तर आमची सगळ्यांची जागा तीच आहे.

या कथेशी जे खरं प्रकरण नेहमी जोडलं जातं ते नायजेरियातल्या कानो शहराचं. १९९६ मध्ये तिथे मेंदुज्वराची मोठी साथ होती. फायझर कंपनीने साधारण दोनशे मुलांवर चाचणी घेतली, अर्ध्यांना नवं औषध, अर्ध्यांना जुनं. ११ मुलं दगावली, दोन्ही गटांतली. कंपनीचं म्हणणं असं की मुलं आजाराने गेली, औषधाने नाही, आणि पालकांची तोंडी संमती घेतली होती. हा मुद्दा डॉक्टरांनीच तपासायचा, मी त्यात बोलणारा कोण. पण एक गोष्ट समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. चाचणीला हॉस्पिटलच्या नीतिसमितीची परवानगी असल्याचं जे पत्र दाखवलं गेलं, ते मागाहून लिहून त्यावर मागची तारीख टाकलेली निघाली. २००९ मध्ये कानो राज्याशी ७५ दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली, दोष कबूल न करता.

मागची तारीख! मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं कारस्थान एका अक्षराचं आहे. १७७३ च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि आपण अडीचशे वर्षं 'ध चा मा' म्हणत आलो. "धरावे" चं "मारावे" झालं आणि केलं आनंदीबाईने, असं घरोघर सांगतात. ते पत्र कोणी पाहिलं आहे? रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. पण लोकांना बाई हवी होती, मिळाली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: कट म्हटला की आपल्या पूर्वजांना तलवार आठवली नाही, बोरू आठवला. कागदावर कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं, कोणाच्या हातून गेला. आजही कचेरीत फेरफार झाला की आपण 'ध चा मा' च म्हणतो. सिनेमावाल्यांपेक्षा म्हण शहाणी.

आणि आता इंदूर. २०१० च्या सुमारास आमच्या शहरातल्या औषध-चाचण्यांचा विषय विधानसभेपर्यंत गेला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेल्या हॉस्पिटलांतल्या काही डॉक्टरांनी कंपन्यांसाठी चाचण्या घेतल्या, आणि रोग्यांना काय चाललंय ते नीट सांगितलं नाही, असा आरोप होता. बातम्यांत नाव आलं ते महाराजा यशवंतराव हॉस्पिटलचं, म्हणजे आमच्या 'एमवाय'चं. हेच ते यशवंतराव. एका न झालेल्या चौकशीने ज्यांना गादीवर आणलं त्यांच्याच नावाच्या इमारतीबद्दल जवळजवळ पंच्याऐंशी वर्षांनी दुसरी चौकशी मागितली जावी, हे कोणी पटकथेत लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, फार जुळवून आणलंय.

पुढचं ऐका. जानेवारी २०१२ मध्ये राज्य सरकारने शहरातल्या बारा डॉक्टरांना दंड केला. प्रत्येकी ५००० रुपये. त्याच वर्षी इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०१३ मध्ये न्यायालयाने देशभरातल्या चाचण्यांवरून सरकारला फैलावर घेतलं, नियम बदलले, भरपाईच्या तरतुदी आल्या. आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की रोग्याची संमती घेताना त्याचं चित्रण करा, आवाजासकट. म्हणजे कार्डावरच्या त्या दोन अक्षरांवर आता विश्वास नाही. अक्षरं लिहिली गेली तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा कसा होता ते दाखवा.

मला विचाराल तर गेल्या पंधरा वर्षांतली कटाच्या सिनेमावरची सगळ्यात नेमकी टीका ही आहे, आणि ती एका न्यायालयाने केली आहे. कॅमेरा कुठे लावायचा ते त्यांनी सांगितलं. साहेबाच्या खुर्चीसमोर नाही, फॉर्म पुढे सरकवला जातो त्या टेबलापाशी.

इथपर्यंत आल्यावर आमच्याकडे वाद झाला. वाद घालणारी बायको, ती शाळेत विज्ञान शिकवते. तिचं म्हणणं, असले सिनेमे मुळातच घातक. "आधीच लोकांचा डॉक्टरांवर विश्वास नाही. त्यात तुम्ही दाखवा की कंपन्या, सरकार, हॉस्पिटलं, सगळे मिळालेले आहेत. मग ते लस घेतील?" तिने आठवण करून दिली २०२० च्या एप्रिलची. करोनाच्या पहिल्या दिवसांत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर आमच्याच शहरात दगड पडले. दोन डॉक्टरबाई जखमी झाल्या, आणि त्या पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. त्याआधी मोबाइलवर काय काय फिरत होतं ते आम्ही सगळ्यांनी वाचलेलं, काही शहाण्यांनी पुढे ढकललेलंही. बायकोचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. कटाची चटक वाईट. "सगळे मिळालेले आहेत" हे वाक्य बोलायला फार सोपं, आणि ते एकदा बोललं की पुढे काही करायला नको.

पण हाच तर माझा मुद्दा आहे. सगळे मिळालेले आहेत, हे शिकवतो तो वरच्या पायरीचा सिनेमा. त्यात प्रत्येक पोलीस विकलेला, प्रत्येक डॉक्टर सामील, प्रत्येक फोन टॅप केलेला. तो बघून उठलेला माणूस संशय घेऊन उठतो, आणि संशयाला पत्ता नसतो. तो लसीवरही जातो, तपासणीला आलेल्या बाईवरही. कार्डापाशी थांबणारा सिनेमा संशय देत नाही, प्रश्न देतो. हे औषध कसलं? चाचणी आहे की उपचार? नाही म्हटलं तर माझं काय होईल? सही केलेल्या कागदाची प्रत मला मिळेल का? या प्रश्नांना पत्ता आहे, काउंटर आहे, पलीकडे बसलेली मुलगी आहे. स्वास्थ्य अधिकार मंचवाले दगड घेऊन गेले नाहीत, कागद मागत गेले. दगड आणि कागद यांतला फरक जो सिनेमा पुसतो तो माझ्या लेखी नापास, मग त्यातला पाठलाग कितीही झकास असो.

बायकोला हे पूर्ण पटलं नाही. ती म्हणाली, "प्रश्न विचारायला रांगेतल्या माणसाला वेळ कुठे असतो? तूच तर सांगितलंस, आईंचं सलाईन थांबलं होतं." याला उत्तर नाही. असलं तरी ते सिनेमाने द्यायचं नाही.

एक सांगायचं राहिलं, घरी बघण्याबद्दल. लोक म्हणतात असले सिनेमे मोठ्या पडद्यावरच बघावेत, घरी मजा जाते. कुकरच्या शिट्ट्या, दारावर दूधवाला, कोणाचा तरी फोन, आणि "ही तीच का मघाची?" असं दर दहा मिनिटांनी विचारणारं कोणी तरी. 'कॉन्स्टंट गार्डनर'सारखा पुढेमागे उड्या मारणारा सिनेमा तर यात हमखास विस्कटतो, आमच्याकडेही विस्कटला. तरी मला वाटतं कटाचा सिनेमा जोखायला घरासारखी जागा नाही. थिएटरात काळोख असतो, आवाज छातीवर आदळतो, आणि विचार करायच्या आत पुढचा प्रसंग आलेला असतो. भोकं वेगाने बुजवता येतात. घरी कोणी तरी "थांबव" म्हणू शकतं. थांबवल्यावरही ज्यात बघण्यासारखं काही उरतं तो सिनेमा खरा. गुगेनहाइमचा गोळीबार थांबवून बघा: फुटलेल्या काचा आणि तोंड उघडं राहिलेला नट. कार्ड थांबवलं तर आमच्या घरात वीस वर्षांपूर्वीचं नर्सिंग होम उघडलं. इंदूरला मराठी नाटकाच्या मध्यंतरात लोक वड्यापेक्षा पहिल्या अंकावर जास्त तुटून पडतात, तशी मध्यंतरं घरात हवी तितकी घेता येतात. फक्त रिमोट ज्याच्या हातात आहे त्याने आजीचं ऐकायला हवं.

त्या रात्री सिनेमा पावणेएकला संपला. आई शेवटाआधीच झोपायला गेली होती, प्रार्थनासभेतलं पत्र तिने पाहिलंच नाही. सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता मी तिला सांगितलं की साहेब शेवटी उघडा पडला, सगळ्यांसमोर. "बरं झालं," ती म्हणाली, फारशा उत्साहाने नाही. मग पोह्यांची बशी भाच्यापुढे सरकवून तिने त्याला विचारलं, "ती विमानातून उतरून पळाली ना, ती पोर. तिचं पुढे काय झालं?"

भाच्याने मोबाइलवर तो भाग पुन्हा काढला, पुढे नेला, मागे आणला. धुळीत पळणारी मुलगी, आणि त्यानंतर वेगळाच प्रसंग.

"दाखवलं नाही, आजी."

"नाही का?" आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.